पॅच लावताना परतीची वेळही लिहा

प्रश्न : आमच्याकडे पन्नासेक विंडोज सर्व्हर आहेत. दर महिन्याला पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) लावायचे आणि रीबूट करायचं, एवढंच काम. तरी दर वेळी चेंज रिक्वेस्ट (बदलाच्या परवानगीचा अर्ज) भरा, कॅबच्या (बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीच्या) मीटिंगला बसा. नेहमीच्या कामाला हा सोपस्कार कशाला? (पुणे)

तुमचा वैताग रास्त आहे, आणि त्यावरचा उपाय आयटिलमध्येच (आयटी सेवा चालवण्याच्या प्रचलित चौकटीतच) आहे : स्टँडर्ड चेंज. पायऱ्या ठरलेल्या, धोका माहीत असलेला, आधी अनेकदा सुरळीत पार पडलेलं काम कॅबकडून एकदाच मंजूर करून घ्यायचं. पुढे दर महिन्याला फक्त नोंद. मायक्रोसॉफ्टचे पॅच २००३ पासून महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणजे वर्षभराचं कॅलेंडर आजच लावून ठेवता येतं.

मात्र ही सवलत सरसकट घेऊ नका. टेस्ट सर्व्हरवरचा पॅच स्टँडर्ड असेल; तोच पॅच महिनाअखेरीला बिलिंगच्या डेटाबेस सर्व्हरवर लावणं स्टँडर्ड नाही. एकदा काम फसलं, की कारण सापडेपर्यंत ते परत कॅबपुढे जायला हवं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले, तेही नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडमुळे. असली कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीच्या टूलमध्येच बग निघाला.

प्रश्न : रोलबॅक प्लॅनच्या (काम फसल्यास मागे कसं फिरायचं, त्याच्या) रकान्यात आम्ही ‘स्नॅपशॉटवरून रिस्टोअर’ (पॅचआधी टिपून ठेवलेल्या सर्व्हरच्या स्थितीवर परतणं) असं लिहितो. ऑडिटर मान्य करतात. पुरेसं आहे ना? (नाशिक)

ऑडिटर मान्य करतात; सर्व्हर करेलच असं नाही.

समजा रात्री एक वाजता पॅच लावला आणि गडबड सकाळी दहाला लक्षात आली. आता स्नॅपशॉटवर गेलात, तर मधल्या नऊ तासांच्या नोंदी गेल्या. लोक कामाला लागले, की डेटाबेस सर्व्हरचा स्नॅपशॉट जवळपास निरुपयोगी. म्हणून त्या रकान्यात मी तीन गोष्टी मागतो : रिस्टोअरला प्रत्यक्ष किती वेळ लागतो (करून पाहिलेला, अंदाजे नव्हे), मागे फिरायचं कुणी ठरवायचं आणि किती वाजता. विंडो (कामासाठी ठरलेली वेळ) एक ते पाच असेल आणि रिस्टोअरला दीड तास लागत असेल, तर सव्वातीनला निर्णय झालाच पाहिजे. त्या वेळी कीबोर्डवरचा माणूस हमखास म्हणतो, “दहा मिनिटं द्या, झालंच.” मीही म्हणालो आहे. त्यामुळे निर्णय त्याच्या हाती ठेवू नका.

शिवाय मागे फिरणं हाही एक बदलच आहे. ब्रिटनमधल्या आरबीएस बँकसमूहात जून २०१२ मध्ये बॅच शेड्युलरचं (रात्रीची कामं ओळीने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपग्रेड केलं, अडचण आली म्हणून ते काढून टाकलं, आणि खरा घोळ त्या काढण्यानेच झाला. मागे फिरल्यावर काय होईल, हे नीट तपासलेलंच नव्हतं. ६५ लाखांवर ग्राहकांचे व्यवहार विस्कळीत झाले आणि २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ५.६ कोटी पौंड दंड केला.

जाता जाता : काम नीट झालं, की स्नॅपशॉट दोन-तीन दिवसांत काढून टाका. ते फुगत जाऊन स्टोरेज भरतं आणि मग वेगळंच टिकीट (कामाची नोंद) उघडावं लागतं.

प्रश्न : रात्रीच्या विंडोला एकच इंजिनिअर असतो. चालेल का? (ठाणे)

नको. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दमलेल्या इंजिनिअरने डेटा पुसण्याची कमांड दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य डेटाबेस सर्व्हरवर दिली. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने लाज राखली. दुसरा माणूस घरून फोनवर असला तरी चालेल. त्याला होस्टनेम (सर्व्हरचं नाव) वाचून दाखवायचं, त्याने ‘हो’ म्हटलं की मगच एंटर.

प्रश्न : पॅचनंतर सर्व्हर उठला नाही. व्हेंडर म्हणतो, दोष पॅचचा नाही. कुणाचं खरं मानायचं? (कोल्हापूर)

कदाचित व्हेंडरचं. माझ्या एका जुन्या कार्यालयात चारशे दिवस अखंड चालू असलेला लिनक्स सर्व्हर पॅचनंतर उठेना. रात्रभर आम्ही पॅचला शिव्या घातल्या. पहाटे कळलं, की कुणीतरी काही महिन्यांपूर्वी एक डिस्क काढली होती, पण एफएसटॅबमधली (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीतली) तिची ओळ तशीच राहिली होती. बूट होताना सर्व्हर त्या नसलेल्या डिस्कची वाट पाहत होता. तेव्हापासून पॅचच्या आधी एक नुसता रीबूट करतो. तिथेच अडलं, तर दोष जुना. वीस मिनिटं जास्त जातात, पण भांडण मिटतं.

प्रश्न : साहेब रात्री फोन करून म्हणतात, “आत्ताच लावा, टिकीट उद्या.” काय करावं? (नागपूर)

पॅच ज्या त्रुटीसाठी आहे, तिचा वापर करून हल्ले सुरू झाले असतील, तर साहेबांचं बरोबर आहे. इमर्जन्सी चेंज त्यासाठीच असतो. मात्र “सर, एवढं मेसेजवर टाका” असं नम्रपणे सांगा. मेसेज येईपर्यंत बॅकअप घेऊन होतो. टिकीट दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत भरा, संध्याकाळपर्यंत कुणाला वेळा आठवत नाहीत.