ऐकते खूप, गात मात्र नाही

"मॅडम, मी रोज दोन-अडीच तास गाणं ऐकते, पण गात नाही. गायला बसले की लाज वाटते, घरात कुणी नसलं तरी. आता तर ऐकूनही रिकामंच वाटतं. हे व्यसन म्हणायचं का?"

हे विचारणाऱ्या बाईंना आपण सुनीताताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ४४, घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात, हिशेबाची. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या. मग संसार, मुलगी, सासऱ्यांचं आजारपण, आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते, फक्त कला बदलते. कुणी जलरंगाचे व्हिडिओ बघत बसतं, कुणाचं कथा वाचता वाचता लिहायचं राहून जातं.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, कामातलं लक्ष, माणसांत मिसळणं, सगळं विचारून घेतलं. ते ठीक होतं. नसतं तर रियाजाच्या गप्पा मारण्यात अर्थ नव्हता. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलताही येतं.

मग ऐकणं बंद करायला सांगायचं का? तो प्रयोग ताईंनी स्वतःच करून झाला होता. एका श्रावणात त्यांनी हेडफोन कपाटात ठेवले. लोकलमध्ये चिडचिड वाढली आणि गाणं होतं तिथेच राहिलं. मोबाइल दूर ठेवा म्हणणं सोपं असतं, पण रिकाम्या झालेल्या वेळात रियाज आपोआप उगवत नाही.

मी त्यांना फोनमधली जपून ठेवलेली यादी दाखवायला सांगितली. खर्ज कसा लावावा, तानेची तयारी, घशाची निगा, चाळिशीनंतर आवाज कसा टिकवावा. काही व्हिडिओ चार-चार वेळा पाहिलेले. "यातलं करून काय काय पाहिलंत?" ताई हसल्या. "एकही नाही हो."

शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. डार्ट फेकणं, मूनवॉक असल्या गोष्टींचे व्हिडिओ त्यांनी काहींना एकदा दाखवले, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असा भरवसा जास्त वाटला. करायला लावल्यावर मात्र ते एकदा पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. ताईंचं नेमकं हेच व्हायचं. व्हिडिओ पाहून वाटायचं, येईल. पहिल्याच आलापात सूर हलला की निष्कर्ष तयार: माझ्यात नाहीच ते. कान वीस वर्षं तयार होत आला होता आणि गळा होता तिथेच थांबलेला. त्या कानाला तो गळा आवडणार कसा?

म्हणून अभ्यास छोटा दिला. सकाळी पंधरा मिनिटं फक्त भूप राग, त्याच्या पाच स्वरांत फिरायचं, शेवटची दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करायची. पुढच्या भेटीला रेकॉर्डिंग नव्हतं, पुसून टाकलेलं. "माझा आवाज इतका किरटा कधीच नव्हता!"

हे बहुतेकांना वाटतं आणि त्याचं कारण शरीरात आहे. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडं खालचे, भरीव ध्वनी चांगले पोचवतात, त्यामुळे स्वतःला आपण भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तेवढी भर नसते. ताईंनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "अगं आई, तुझा आवाज असाच आहे की."

तरी तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, ओढाताण होतच होती. मी गाणारी नाही, म्हणून म्हटलं, जाणत्या माणसाला विचारा. त्यांच्या जुन्या गुरुभगिनीने फोनवरच पकडलं. तानपुऱ्याचं ॲप ताईंनी कॉलेजच्या सवयीने काळी पाचला, म्हणजे उंच पट्टीत, लावलं होतं. "अगं, वीस वर्षं झाली, खाली ये. काळी तीनला गाऊन बघ." 'गळा गेला' या दुःखाचा मोठा भाग तिथेच उतरला. समुपदेशकाने प्रत्येक गाठ मनातच शोधू नये, असं माझं मत आहे.

ऐकणं चालूच राहिलं, फक्त त्याची रीत बदलली. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ऐकायचं, थांबवायचं, तेवढंच आपण गायचं, मग पुढे. लोकलमध्ये हे मनातल्या मनात. गायक श्वास कुठे घेतो हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं, असं त्या सांगत आल्या.

पुढचा प्रश्न ठरलेलाच. "यूट्यूबवर टाकू का?" मी म्हटलं, एवढ्यात नको. अनोळखी लोकांनी ऐकलंच नाही, तरी तो आपल्याला निकाल वाटतो. आधी एकच माणूस, तीच गुरुभगिनी. तिलाही 'कसं वाटलं' विचारायचं नाही, 'सूर कुठे सुटला' एवढंच विचारायचं. त्यानंतर सोसायटीतलं गुरुवारचं भजनी मंडळ.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांना तरुणपणी चारचौघांत बोलायची प्रचंड भीती वाटायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला जबरदस्तीने भाषणं करायला लावली आणि भीती ओसरली. लाज समजावून जात नाही, ती करता करता झिजते, हे पुढे त्यांच्या उपचाराचं अंगच झालं.

ताई सुरुवातीचे काही गुरुवार नुसत्या टाळ घेऊन बसल्या. मग पाळी आली. दुसऱ्या कडव्यावर शब्द गेले, साफ गेले. तबलजीने ठेका सोडला नाही आणि बायकांनी ध्रुवपद उचललं. ते दोनदा फिरून येईपर्यंत ताईंना कडवं आठवलं होतं. नंतर एका आजींनी एवढंच विचारलं, "पुढल्या गुरुवारी गौळण म्हणशील का गं?"

आता त्या महिन्यातून एखादा अभंग रेकॉर्ड करून नात्यातल्या ग्रुपवर टाकतात. कुणी अंगठा दाखवतं, बरेच जण काहीच म्हणत नाहीत, आणि ते त्यांना चालतं. रिकामं वाटणं पूर्ण गेलेलं नाही, रात्री उशिरा ऐकत बसलं की येतं म्हणतात. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, गांधर्वच्या पुढच्या परीक्षेला, विशारदला, बसू का? मी सांगितलं, हे गुरूला विचारा. गुरू अजून शोधायचे आहेत, पण डोंबिवलीत गाणं शिकवणाऱ्यांची वानवा नाही.