सोय केली तर हात आळशी होईल का?

पक्षाघातानंतर घरी आलेल्या माणसाच्या कपड्यांचा विषय निघाला की घरचं कुणीतरी हमखास विचारतं: वेल्क्रोचा शर्ट, इलॅस्टिकची पँट असं सगळं सोपं करून दिलं तर हात आळशी होईल ना? मग बटण लावायचा प्रयत्नच करणार नाहीत ते. या शंकेमागे माया असते आणि ती अगदी निराधारही नाही, म्हणून एका कुटुंबाच्या अनुभवातून जरा सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्ती जवळ आली असताना मेंदूत गुठळी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालू लागले, बोलणंही स्वच्छ राहिलं. उजवा हात मात्र खांद्यातून थोडा उचलला जायचा, मूठ अर्धवट वळायची, चिमूट होत नव्हती. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो ‘बाबा चिडचिडे झालेत, घराबाहेर पडत नाहीत’ म्हणून. ताजं निमित्त शर्टाचं होतं. त्यानं लोहचुंबकाच्या बटणांचा शर्ट ऑनलाइन मागवला होता. अण्णांनी तो घडीही न मोडता कपाटात टाकला, आणि वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, मुलालाच सुनावलं, “बटणं मी लावते की. असली सोय केलीस तर हात कायमचा जाईल त्यांचा.”

तिघं समोर बसले की अण्णा गप्प. म्हणून पुढच्या वेळी मी त्यांना एकट्यालाच बोलावलं. शर्टाचा विषय काढला तर म्हणाले, “शर्टाचं काय ताई, तो ही घालते. पण बँकेत गेल्यावर लघवीला लागली तर पँटचा हूक कोण काढणार? हिला आत नेऊ का?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. घरात लेंगा असायचा, त्याची नाडी डाव्या हातानं ओढून सुटायची पण बांधता यायची नाही, म्हणून दर वेळी बायकोला हाक. रात्री तिची झोपमोड नको म्हणून संध्याकाळनंतर चहा-पाणी जवळजवळ सोडलेलं. आठवड्याची भजनं बंद, डेपोतल्या मित्रांकडे जाणं बंद. मुलाला हे दुरून नैराश्य वाटत होतं. त्यातला बराचसा भाग कमरेच्या नाडीत अडकला होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुरुषांच्या कपड्यांचा विचार आपण शर्टापासून सुरू करतो, कारण तो चारचौघांत दिसतो. मी कमरेपासून सुरू करायला सांगते. आपली लाज आपल्याला राखता आली की माणूस बाहेर पडायला धजतो, आणि शर्टाचं बघायला मग पुष्कळ वेळ असतो. पाणी तोडणं तर धोक्याचंच. बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, उभं राहताना चक्कर, आणि चक्कर म्हणजे पडणं.

आता वहिनींच्या शंकेकडे येते. त्यांना मी खरं तेच सांगितलं. पक्षाघातानंतर दुबळा हात वापरलाच नाही तर तो न वापरण्याची मेंदूला सवय लागते, हे खरं आहे. म्हणूनच काही रुग्णांचा चांगला हात दिवसाचे काही तास बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून कामं करून घेतात. पण हा उपचार मनगट आणि बोटं थोडी तरी हलणाऱ्यांसाठी असतो, आणि तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतो. बटण काजातून ओवणं हे हाताच्या सगळ्यात नाजूक कामांपैकी एक. ज्या हाताची चिमूट होत नाही, त्याला सकाळी घाईत, लघवी लागलेली असताना, बटणाशी झगडायला लावलं तर व्यायाम होत नाही, फक्त हरल्याची भावना रोज पक्की होत जाते.

म्हणून आम्ही दोन वेळा वेगळ्या केल्या. कपडे घालायची वेळ फक्त कपडे घालायची. सरावाची वेळ दुपारी, पोटभर विश्रांती झाल्यावर. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञानं) ठरवून दिलेले व्यायाम, आणि मांडीवर मोठ्या बटणांचा जुना स्वेटर. जमलं तर जमलं, कुणी घड्याळ बघत नाही. शिवाय सोप्या कपड्यातही दुबळ्या हाताला काम देता येतं: त्यानं शर्टाची कड धरून ठेवायची, वेल्क्रोवर तळहातानं दाब द्यायचा. पहिल्या काही महिन्यांत हात झपाट्यानं सुधारत असतो, तेव्हा कुठलाही बदल करण्याआधी थेरपिस्टला विचारावंच.

कपड्यांचं काम मात्र ऑनलाइन दुकानानं केलं नाही, शिंप्यानं केलं. अण्णांचा खाकी गणवेश वर्षानुवर्षं ज्यानं शिवला त्याच्याकडेच जायचं, असा अण्णांचा हट्ट होता आणि मला तो फार आवडला. पँटला मागच्या बाजूनं इलॅस्टिक घातलं, पुढचा पट्टा सपाटच ठेवला, त्यामुळे ती रोजच्या पँटसारखीच दिसते. पुढचा हूक काढून रुंद वेल्क्रो लावला. चेनच्या टोकाला बोट अडकेल अशी कडी बसवली. लेंग्यांच्या नेफ्यातली नाडी काढून सरळ इलॅस्टिक ओवलं. पँट सोडल्यावर ती घोट्यापर्यंत घसरते आणि एका हातानं वर घेता घेता तोल जातो, तिथे गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, कामी आले.

शर्टाच्या वेळी मी त्यांना अमेरिकेतल्या डॉन हॉर्टन यांची गोष्ट सांगितली. हे कॉलेजच्या संघाचे फुटबॉल प्रशिक्षक. पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, झाला होता, आणि एका सामन्यानंतर त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येईनात. संघातला एक खेळाडू पुढे झाला आणि त्यानं ती लावून दिली. त्यांच्या पत्नी मॉरा यांनी मग वरून साधा दिसणारा, आत लोहचुंबक असलेला शर्ट तयार केला आणि त्यातून मॅग्नारेडी ही कंपनी उभी राहिली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढा खेळाडूंना दम देणारा माणूस, त्यालाही झालं म्हणायचं.” तरी शर्ट त्यांना स्वतःचेच हवे होते, आणि तेही बरोबरच होतं.

शिंप्यानं जुन्या शर्टांची काजं बंद करून त्यांवरच बटणं शिवून टाकली आणि मागे वेल्क्रोचे छोटे तुकडे लावले. अखंड पट्टी लावू नये, ती एका हातानं जुळवताना वाकडी चिकटते. मऊ बाजू अंगाकडे ठेवावी आणि धुण्याआधी वेल्क्रो बंद करावा, नाहीतर त्यात धागे अडकून तो लवकर निकामी होतो. कफाचं एक गमतीशीर कोडं असतं: उजवा हात दुबळा असला तर खरी अडचण डाव्या कफाची, कारण तो लावायचा तर उजव्याच हातानं. तिथलं बटण इलॅस्टिकच्या दोऱ्यानं शिवलं की कफ बंद ठेवूनच हात आत जातो. घालायचा क्रमही शिकवला. दुबळा हात बाहीत आधी, काढताना तो शेवटी. खुर्चीत बसून, पाय जमिनीला टेकवून.

लोहचुंबकाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराला सांगते. छातीत पेसमेकर किंवा तसलं दुसरं उपकरण असेल तर चुंबकाची बटणं छातीवर येऊ देऊ नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पक्षाघाताच्या कित्येक रुग्णांना हृदयाचाही त्रास असतो. एमआरआयच्या वेळीही असा कपडा अंगावर नको.

सगळ्यात अवघड गेलं ते वहिनींना. “मी दोन मिनिटांत बटणं लावते, त्यांना वीस मिनिटं लागतात. मी नुसती बघत बसू?” त्यांचे डोळे भरून आले होते. कित्येक महिने त्यांची माया त्या बटणांतूनच व्यक्त होत होती, आणि आता कुणीतरी तेही काढून घेतंय असं त्यांना वाटलं. मी एवढंच सुचवलं की तेवढी वीस मिनिटं स्वयंपाकघरात चहा घ्या, हाक आली तर जा. पहिले काही दिवस त्या दाराशी घुटमळत राहिल्या. पुढे सकाळचा फेरफटका पुन्हा सुरू केला.

अण्णा आता बँकेत एकटे जातात, पाणी पिऊन. मोजे अजून वहिनीच घालतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

संधिवातानं बोटं आखडलेल्यांना, पार्किन्सन्स असलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. पार्किन्सन्समध्ये गोळीचा असर चालू असतानाच कपडे घालावेत आणि बटणांची अडचण डॉक्टरांना आवर्जून सांगावी. त्यांच्या तपासणीच्या प्रश्नावलीत कपडे घालण्याचा प्रश्न असतोच, पुरुष मात्र त्याला “ठीक आहे” म्हणून मोकळे होतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भेटतात, मुंबईत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची केंद्रीय संस्थाही आहे. जाताना रोजचा एक शर्ट आणि पँट सोबत न्या. आणि शिंप्याकडे त्यांना स्वतःलाच घेऊन जा, कापड आणि रंग त्यांनाच निवडू द्या.