भूरूपशास्त्राच्या वर्गात ‘सहभाग’ म्हणजे नेमकं काय अपेक्षित असतं?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीला भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीची रूपं कशी घडतात त्याचा अभ्यास, घेतलंय, सहभागाला वेगळे गुण आहेत, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो. मग ते गुण गेलेच का?

मुळीच नाही. मी बडोद्यात हा विषय बरीच वर्षं शिकवते. फळ्याजवळ उभं राहून काय दिसतं, ते सांगते.

सुरुवातीला माझंच चुकायचं. जो हात वर करील, घडाघडा व्याख्या म्हणून दाखवील, त्याला गुण. मागच्या बाकावरची गप्प मुलं माझ्या हिशेबातच नसत. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला पूर आला. पाणी ओसरून कॉलेज सुरू झालं तेव्हा अशाच एका गप्प मुलीने माझ्यापुढे वही ठेवली. तिच्या सोसायटीत भिंतींवर चिखलाची रेघ राहिली होती. तिने प्रत्येक इमारतीपाशी टेप लावून ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं होतं. नदीला लागून असलेल्या इमारतीत रेघ गुडघ्याएवढी, आणि मागच्या, लांबच्या दोन इमारतींत कमरेच्या वर. खाली पेन्सिलीने एकच ओळ : ‘मॅडम, नदीपासून लांब असून पाणी जास्त का?’

त्या एका ओळीवर आमचे दोन तास गेले. टोपोशीट, म्हणजे जमिनीचे उंचसखल दाखवणारा नकाशा, उघडली, पण १:५०,००० च्या नकाशावरच्या समोच्च रेषांत असा हातभर फरक दिसत नाही. मग चालतच तिकडे गेलो. मागच्या इमारती एका जुन्या कांसेच्या खोलगट पट्ट्यात होत्या (पावसाचं पाणी नेणाऱ्या ओढ्याला इथे कांस म्हणतात). नदीकडची बाजू मात्र उंच. पुराचं पाणी काठावरून ओसंडलं की जाड गाळ आधी काठाशीच पडतो आणि काठ उंचावत जातो, त्याला आपण पूरतट म्हणतो. इथे तो पूरतट होता की बिल्डरने घातलेला भराव, यावर वर्गात जोरदार वाद झाला. ती मुलगी त्यात जेमतेम तीन वाक्यं बोलली असेल. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि त्या दिवसापासून माझी गुण द्यायची पद्धत बदलली.

विद्यार्थ्यांची अपेक्षा बहुधा वेगळीच असते : नोट्स, रंगीत स्लाइड्स, पाठ करता येतील असे मुद्दे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेव्हिसने १८९९ मध्ये मांडलेलं क्षरणचक्र, म्हणजे जमीन टप्प्याटप्प्याने झिजत सपाट होत जाते ही कल्पना, सगळ्यांना तोंडपाठ असतं. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. नदी नागमोडी दिसली की ‘वृद्धावस्था’ लिहून मोकळे होतात. मग मी त्यांना मही नदीच्या काठी नेते. मही नागमोडी तर आहेच, पण गाळाच्या उंच, सरळसोट कड्यांमधून वाहते. म्हातारी नदी इतकी खोल कापत कशी गेली? जमीन उचलली गेली, की समुद्राची पातळी खाली गेली? तिथे पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त कड्याचं रेखाटन करायचं, असा माझा नियम आहे. त्या वीस मिनिटांत अबोल मुलं बहुतेक वेळा बडबड्या मुलांच्या पुढे असतात.

बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावरही तसंच. रोपवेने वर जाऊन दर्शन घेऊन परतलात तर काहीच हाती लागत नाही. पायी चढा. खाली बेसॉल्टच्या (काळ्या ज्वालामुखी खडकाच्या) थरांचे टप्पे दिसतात आणि माथ्याकडे रायोलाइट हा फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक लागतो. चढ कुठे अचानक ताठ होतो आणि तिथला दगड कसा आहे, एवढं जरी वहीत उतरवलंत तरी तो सहभागच आहे.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅडमना किंवा सरांना एकटे भेटा आणि बोलायला अवघड जातं हे स्पष्ट सांगा. लेखी प्रश्न चालतील का, विचारा. माझ्याकडे चालतात, अनेकांकडे चालतील. फील्डबुक रोज घरी फेअर करू नका, जागेवरचं पेन्सिलीचं पानच दाखवा. रेखाटनावर उत्तर दिशा हवी आणि मापासाठी शेजारी उभा असलेला एखादा माणूस काढलेला हवा. चित्र सुंदर नसलं तरी चालतं.

आणि महीच्या कोतरांत (पाण्याने कापलेल्या खोल घळींत) गेलात तर कड्याच्या कडेवर उभे राहू नका. तो दगड नाही, गाळ आहे, आणि पावसानंतर सांगून ढासळत नाही.