जुनी इंजिनं, विमानं आणि मळणी यंत्रं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही कॅनडात एडमंटनला राहतो. जूनमध्ये आई-बाबा परभणीहून येतायत. बाबांनी सगळं आयुष्य ट्रॅक्टर आणि मळणी यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं. रॉकी पर्वत वगैरे दाखवणारच आहोत पण बाबांना खास आवडेल असं काही जवळपास आहे का? वेटास्किविनच्या म्युझियमबद्दल ऐकलंय, पण तिथे नुसत्या विंटेज कार असतील तर आई तासाभरात कंटाळेल.
— एक वाचक, एडमंटन

उत्तर: अहो, नक्की घेऊन जा, आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवून जा! एडमंटनहून दक्षिणेला साधारण ७० किलोमीटर, म्हणजे गाडीने तासाभराच्या आत. वेटास्किविनचं हे रेनॉल्ड्स-अल्बर्टा म्युझियम नुसतं कारचं म्युझियम नाहीच, तिथे कार, ट्रक, विमानं, ट्रॅक्टर, वाफेची इंजिनं, मळणी यंत्रं असं सगळं एकत्र आहे आणि ते एकत्र का आहे हे कळलं की खरी मजा येते.

स्टॅन रेनॉल्ड्स हा याच गावचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या हवाई दलात पायलट होता, परत आल्यावर गावात गाड्यांचा धंदा टाकला. गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला आलं की बदल्यात जे देईल ते हा घ्यायचा, मग ती जुनी मोटार असो नाहीतर शेतातलं यंत्र. असं करत करत त्याने एवढं जमवलं की पुढे १९८० च्या दशकात शेकड्यांनी वस्तू अल्बर्टा प्रांताच्या सरकारला देऊन टाकल्या आणि त्यातून १९९२ मध्ये हे म्युझियम उघडलं. २०१२ मध्ये तो गेला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण इतरांना जे भंगार वाटत होतं ते त्याने तेव्हा उचललं, आणि त्या काळी कुणी उचललं नसतं तर आज काहीच उरलं नसतं.

आता शेती आणि विमान यांचा संबंध काय, तर युद्धात कॅनडाभर, आणि त्यातही गवताळ प्रदेशात बरीच, वैमानिक तयार करायची प्रचंड मोठी योजना चालली, १९३९ ते १९४५ मध्ये एक लाख तीस हजारांहून जास्त वैमानिक, नेव्हिगेटर वगैरे त्यातून तयार झाले. युद्ध संपलं आणि ती ट्रेनिंगची विमानं सरकारने स्वस्तात विकली. घेतली कुणी? शेतकऱ्यांनी! उडवायला नाही, चाकं, टायर, नटबोल्ट, वायरी काढायला. विमानाचं चाक शेतातल्या गाड्याला लागलं आणि उरलेला सांगाडा कुंपणाशी पडून राहिला, ट्रेनिंगच्या ॲन्सन विमानाचे पंख तर लाकडाचे, ते कुजून गेले. आज ही विमानं पुन्हा उभी करणारे लोक शेताशेतांतून हे सांगाडे गोळा करतात. फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीचंही तसंच, मागचं एक चाक जॅकवर उचलून त्यावरून पट्टा घेऊन लाकूड कापायचे, पाणी उपसायचे. म्हणजे मोटार, विमान, शेतातलं यंत्र, सगळं त्याच हातांनी खोलायचं आणि जोडायचं. तुमच्या बाबांना हे सांगायला लागणारच नाही, बघितल्या बघितल्या कळेल त्यांना.

दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे दुरुस्तीचं वर्कशॉप, काचेतून आतलं काम बघता येतं. दुसरी १९२९ ची ड्युसेनबर्ग मॉडेल जे ही आलिशान मोटार, त्या काळात २६५ अश्वशक्तीचं इंजिन, ती आईंनाही आवडेल. उन्हाळ्यात जुन्या गाड्यांतून चक्कर मारायला मिळते, पण कोणत्या दिवशी काय चालू असेल ते निघण्याआधी फोन करून विचारा. बंद यंत्र बघणं आणि चालू यंत्र बघणं यात फार फरक आहे, निदान मला तरी तो फार वाटतो.

प्रश्न: जुन्या फोटोंमध्ये वाफेचं इंजिन एकीकडे आणि मळणी यंत्र चांगलंच लांब उभं असतं, मध्ये लांबलचक पट्टा. जवळ का लावत नव्हते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आगीच्या भीतीने. इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि मळणी यंत्राभोवती सगळं वाळलेलं गव्हाचं काड, एक ठिणगी पडली की वर्षाचं पीक गेलं. म्हणून अंतर. पट्ट्याला मध्ये एक पीळ देत, त्याने वाऱ्यात पट्टा कमी फडफडतो आणि चाकावर नीट बसून राहतो. गंमत म्हणजे कॅनडाच्या गवताळ प्रदेशात झाडं कमी, म्हणून बरीच इंजिनं चक्क तेच काड जाळून चालायची, आणि एक माणूस नुसता काड कोंबायला उभा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बॉयलर तापवायचा, पाणी सतत आणत राहायचं. पाण्याकडे दुर्लक्ष झालं आणि भट्टीवरचा पत्रा उघडा पडला तर बॉयलर फुटून माणसं मरायची, त्यामुळे इंजिन चालवणाऱ्याला गावात मान होता आणि तो योग्यच होता.

प्रश्न: आमच्या मळ्यात आजोबांचं हँडल मारायचं ऑइल इंजिन कित्येक वर्षं पडून आहे. विहिरीवर चालायचं, हंगामात त्याच्यावरच गुऱ्हाळाचा चरखा. भंगारवाला किलोवर मागतोय. वडील म्हणतात देऊन टाक. मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: देऊ नका. खरंच देऊ नका. भंगारात जे पैसे येतील ते महिन्यात संपतील आणि ते इंजिन परत कधीच मिळणार नाही. शिवाय तुमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, १९१० पासून, लोखंडी नांगर घरोघर पोचवणारं गाव, आणि त्याच भागातली इंजिनं अशी किलोवर जावीत हे मला सहन होत नाही.

आधी पावसापासून झाका, खाली लाकडाचे ओंडके घाला म्हणजे मातीची ओल लागणार नाही. सिलिंडरभोवती पाणी अडकलं असेल तर काढून टाका. जाम झालं असेल तर हँडलवर जोर अजिबात लावू नका, काहीतरी मोडेल. इंजेक्टर काढून आत थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवून बघा, नाही हललं तर पुन्हा सोडा, घाई नको. गंज दिसतोय म्हणून लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका आणि ऑइलपेंट तर मारूच नका, मूळ रंग जितका उरलाय तितका राहू द्या, तो एकदा गेला की गेला. कंपनीची पट्टी आणि नंबर यांचे फोटो काढून ठेवा, पट्टी चोरीला जाते हे लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे इंजिनाला हात लावायच्याही आधी, ते चालवणारं कुणी गावात हयात असेल तर त्यांच्याकडे जा. डिकॉम्प्रेशनचा खटका (हँडल हलकं फिरावं म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा) कधी सोडायचा, थंडीत कसं सुरू करायचं, पट्टा घसरला की काय लावायचे, हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा. इंजिन अजून पन्नास वर्षं टिकेल, ती माणसं नाही टिकणार.

प्रश्न: आपल्या जवळ असं काही आहे का? कॅनडा काही आम्हाला परवडणार नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सगळं एका छताखाली असं महाराष्ट्रात माझ्या बघण्यात नाही. पण गोव्यात वास्कोजवळ नौदलाचं विमान म्युझियम आहे, १९९८ पासून, तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन बघाच, हे विमान आधी एअर इंडियाकडे होतं, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे समुद्रावर टेहळणी करायला. अहिल्यानगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे. शेतीच्या यंत्रांसाठी मात्र आपल्याकडे हवं तसं ठिकाण नाही आणि ते व्हायलाच पाहिजे, साखर कारखाने आणि कृषी विद्यापीठांकडे जागा आहे, यंत्रंही आवारात पडलेली असतात. तुमच्या ओळखीत कारखान्याचे कुणी संचालक असतील तर त्यांना जाऊन हे जरूर बोला.