पहिली बॅच मिरगानंतर नको

गुहागरकडे ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची शेड बांधतोयस हे ऐकून बरं वाटलं. पण पिल्लं जूनमध्ये आणू नकोस, दिवाळीनंतर आण. आपल्याकडच्या पावसात शेडमध्ये खाली अंथरलेलं भाताचं तूस दोन दिवसांत ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि मग रक्ती हगवण लागते. माझी पहिली शंभरातली तीसेक पिल्लं अशीच गेली, अजून जीव हळहळतो.

तूस दोन-तीन इंच पसर, रोज हाताने परत. मुठीत दाबून गोळा झाला तर ते बदलायलाच हवं. पाण्याच्या भांड्याभोवती आधी बघ, ओल तिथूनच सुरू होते.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली, 32 ते 35 अंश ऊब लागते. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ: बल्बखाली गर्दी केली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा. पडदे रात्रीसुद्धा वरून थोडे उघडे ठेव, हवा खेळू दे.

राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा लस पाचव्या-सातव्या दिवशी, बाकीच्या लसी पशुवैद्यकांना विचारून. मोठ्या पक्ष्याला एक चौरस फूट जागा हवीच. साधारण 40 दिवसांत दोन किलो भरतात, म्हणून गिऱ्हाईक आधी ठरव. पुढे ठेवलेस तर खाद्य खातात, पाय अधू होतात.