कोरियन सिनेमा पहिल्यांदाच बघताय? मग आजीच्या घरी जा

'आजवर एकही कोरियन चित्रपट पाहिलेला नाही, सुरुवात कुठून करू?' असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण 'पॅरासाइट' नाहीतर 'ओल्डबॉय' सांगतील. मी सांगेन, 'द वे होम' बघा. २००२ सालचा, ली जोंग-ह्यांग या दिग्दर्शिकेचा.

सोलमध्ये वाढलेल्या एका हट्टी पोराला त्याची आई डोंगरातल्या खेड्यात, मुक्या आजीकडे ठेवून जाते. पोराला हवं असतं केंटकी चिकन. आजीला ते कुठलं ठाऊक! मग तो डोक्यावर हात धरून कोंबडीचा तुरा करून दाखवतो. आजीला वाटतं, समजलं. कमरेत पार वाकलेली ती म्हातारी पावसात भिजत जिवंत कोंबडी घेऊन येते आणि अख्खी उकडून त्याच्यापुढे ठेवते. पोरगं भोकाड पसरतं. रात्री भूक लागल्यावर मात्र तीच कोंबडी हाताने तोडून खातं. पुढचं सांगत नाही, फक्त सुई-दोऱ्याकडे लक्ष असू द्या. आजीचं काम करणाऱ्या किम उल-बुन यांनी त्याआधी कधी अभिनय केलेला नव्हता. मला त्यांच्यात नटी दिसतच नाही, आजीच दिसते.

त्यानंतर सोंग कांग-हो या नटाचा माग काढत जा. आधी बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग भागात १९८६ पासून झालेल्या खऱ्या खुनांवर तो बेतलेला आहे. सुरुवातीलाच भाताच्या शेतालगत प्रेत सापडतं, बघ्यांची झुंबड उडते आणि खुन्याच्या पावलाचा ठसा पोलिसांच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरखाली जातो. हसू येतं, आणि लगेच पोटात गोळाही येतो. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. डीएनएवरून त्याची ओळख पटली ती थेट २०१९ मध्ये. हे डोक्यात ठेवून शेवटचं दृश्य बघा.

मग 'अ टॅक्सी ड्रायव्हर' (२०१७). मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा एका जर्मन पत्रकाराला तिथे घेऊन गेलेल्या सोलच्या टॅक्सीवाल्याची ही गोष्ट. त्याला फक्त भाड्याच्या पैशांशी मतलब असतो. पुढे एका खाणावळीत त्याच्या हातात भाताचा मुटका येतो तेव्हा त्याचा चेहरा बघा, सोंग कांग-हो काय ताकदीचा नट आहे ते तिथे कळतं.

'पॅरासाइट' (२०१९) यानंतरच बघा. तोही बोंग यांचाच, त्यातही सोंग आहेतच. हसवता हसवता पायाखालची जमीन काढून घ्यायची बोंग यांची रीत तोवर ओळखीची झालेली असेल, म्हणून जास्त भिडेल.

डबिंग मात्र कटाक्षाने टाळा. मूळ आवाज आणि सबटायटल्स, एवढं करा. तो नातू आजीवर कसा खेकसतो आणि हळूहळू त्याचा सूर कसा उतरत जातो, हे मूळ आवाजातच ऐकायला हवं.

आणि 'ओल्डबॉय' उत्तम असला तरी फार हिंस्र आहे, शेवट तर सुन्न करणारा. चार-पाच चित्रपट झाले की मग लावा.