डोक्याच्या मागच्या बाजूचं ब्लीडिंग आहे, वहिनी बोलतायत म्हणून घरी नेऊ नका

ताई, वाचलं सगळं. वहिनी स्पीड ब्रेकरवर गाडीवरून मागे उताण्या पडल्या, सिटी स्कॅनमध्ये कवटीच्या मागच्या हाडाला क्रॅक आणि लहान मेंदूशेजारी छोटी गुठळी आलीय, पण त्या नीट बोलतायत, चहा मागतायत, म्हणून घरचे म्हणतायत सही करून घरी नेऊ, उगाच आयसीयूचं बिल कशाला. अजिबात नेऊ नका. मी डॉक्टर नाही, पण धाकट्या भावाच्या वेळी आम्ही हाच शहाणपणा केलेला. जिन्यावरून पडलेला तो, "छोटंसं आहे" एवढंच आमच्या कानात शिरलं, संध्याकाळी घरी आणला, वरणभात जेवला, रात्री दोनदा उलटी झाली तर आई म्हणाली पित्त झालंय, दमलाय, झोपू दे. पहाटे हलवला तर नुसता हुं हुं, डोळे उघडेना. तासाभरात थेट ऑपरेशनला.

नंतर न्यूरोसर्जननी कागदावर चित्र काढून सांगितलं ते आधी कळलं असतं तर! कवटीच्या मागच्या खालच्या कप्प्यात जागाच फार कमी, त्यात लहान मेंदू आणि त्याच्या पुढ्यात ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणारा भाग. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, त्याची वाट याच कप्प्यातून जाते, चौथं व्हेंट्रिकल म्हणतात ते. गुठळीने ती वाट दाबली की पाणी वर तुंबतं. आणि मागचं हाड फुटलं की बऱ्याचदा त्याखालची मोठी शीर फाटते, धमनी नाही, त्यामुळे रक्त हळूहळू साचतं, पेशंट काही तास ठणठणीत दिसतो आणि मग एकदम ढासळतो, कधी कधी काही इशारा न देता.

म्हणून पहिला स्कॅन छोटा आला तरी काही तासांनी परत सिटी करतात, ते पैसे काढायला नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा, चौथं व्हेंट्रिकल मोकळं आहे का, पाणी तुंबलंय का, परत स्कॅन कधी. मोकळं असेल आणि वहिनी पूर्ण शुद्धीत असतील तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवून भागतं, गुठळी विरघळते. दाबलं असेल तर मागून हाड काढून गुठळी काढतात, त्यात घोळ घालत बसू नका.

तुम्ही शेजारी बसाल तेव्हा वाढणारी डोकेदुखी, परत परत उलटी, मान आखडणं, गुंगी, बोलणं जड होणं, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरला हाक. मॉनिटरवर बीपी चढतंय आणि नाडी मंदावतेय तर तेही वाईट. नर्स तासातासाला उठवते म्हणून चिडू नका (आम्ही चिडलेलो). झोपेची गोळी मनाने देऊ नका, आणि वहिनी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं काही घेत असतील तर आत्ता सांगा, आमच्याकडे हे कुणी विचारलंही नव्हतं.

आणि त्या हॉस्पिटलात रात्री न्यूरोसर्जन आणि सिटी दोन्ही नसेल तर शिफ्ट करायचं ते आत्ताच, डॉक्टरांशी बोलून, सोबत माणूस आणि ऑक्सिजन असलेल्या ॲम्ब्युलन्समधून, रिक्षात बसवून नाही. भाऊ आता नोकरी करतो, फक्त जिना उतरताना कठडा धरतो.